एका खात्यात दोन बायका

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर न काढता सासूबाईंना विचारलं, “आजी, हृदयाचं ऑपरेशन कुठे झालं होतं?”

सासूबाई डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला निघोज्याहून आमच्याकडे निगडीला आल्या होत्या. त्यांनी आधी डॉक्टर बाईंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“हृदयाचं? कुणाच्या?”

“तुमच्याच. झडप बदललेली आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हे आधी सांगायला हवं होतं ना?”

“माझं काळीज उघडलं आन् मलाच कुणी सांगितलं न्हाई,” सासूबाई म्हणाल्या.

मला आधी वाटलं, डॉक्टर बाई दुसऱ्याच कुणाचं पान उघडून बसल्यात. मी उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन पाहिलं. नाव सासूबाईंचं, आडनाव आमचं, जन्मसाल तेच. शेजारचा फोटोही त्यांचाच, आधार कार्डावरचा, ज्यात सगळ्या म्हाताऱ्या बायका एकसारख्याच दिसतात. आणि खाली चाकणच्या एका हॉस्पिटलमधून आलेले कागद ओळीनं लावलेले. झडप बदलल्याचा जुना सारांश, औषधांची यादी, रक्त किती पातळ आहे त्याचे एकामागून एक रिपोर्ट.

सासूबाई चाकणच्या त्या हॉस्पिटलात आयुष्यात एकदाच गेल्या होत्या, तापासाठी.

हे खातं उघडण्यात माझाच पुढाकार होता. गावातल्या देवळाच्या सभामंडपात शिबिर लागलं होतं. प्रत्येक माणसाचं एक आरोग्य खातं, त्याला एक नंबर. देशात कुठल्याही दवाखान्यात जा, तुमचे जुने कागद तिथल्या डॉक्टरांना दिसतील, पण तुम्ही परवानगी दिली तरच. परवानगी म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी. सासूबाईंकडे मोबाइल नव्हता, म्हणून नंबर माझा दिला. मला ही कल्पना फार आवडली होती. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात मी एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या घेऊन पिंपरीच्या दवाखान्यातून चिंचवडच्या दवाखान्यात इतक्या फिरले होते की रिक्षावाले मलाच पेशंट समजायचे. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि त्याच तपासण्या पुन्हा करायच्या. ते आता संपणार असं मला मनापासून वाटलं होतं.

“डॉक्टर, या आमच्या सासूबाईंच्या नोंदी नाहीत,” मी म्हटलं. “काहीतरी घोळ झालाय.”

सासूबाईंनी एवढा वेळही घालवला नाही. खोलीत तिघी बायकाच होतो. त्यांनी पदर बाजूला केला आणि ब्लाउजचं वरचं बटण काढलं. “बघा बाई. कुठं हाय टाका?”

डॉक्टर बाईंनी पाहिलं. छाती कोरी होती. त्यांना बिचाऱ्यांना अवघडल्यासारखं झालं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

“मला दिसतंय आजी. पण सिस्टिममध्ये जे आलंय ते मी बघितलंच नाही, असं नाही म्हणू शकत. उद्या टेबलावर काही झालं तर मला पहिला प्रश्न हाच विचारतील. तुम्ही हार्टच्या डॉक्टरांचं पत्र आणा. मग लगेच करू.”

घरी येताना आमच्या सेक्टरच्या वळणावर सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, ती बाई कोण आसंल गं?”

तोपर्यंत माझ्या डोक्यात ती बाई आलीच नव्हती. मला फक्त घोळ दिसत होता.

हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफीसारखी तपासणी केली, हसले आणि म्हणाले, “झडपा अस्सल आहेत, कारखान्यातून आल्या तशाच.” त्यांनी तसा रिपोर्ट दिला आणि आपण फार मोठं काम करतोय अशा थाटात तो खात्यावरही चढवला. झालं काय, की आता एकाच खात्यात एक रिपोर्ट सांगत होता की झडप कृत्रिम आहे आणि दुसरा सांगत होता की ती जन्मजात आहे. डोळ्यांच्या डॉक्टर बाई ते पाहून म्हणाल्या, “आता तर दोन परस्परविरोधी रिपोर्ट झाले. आधी हे निस्तरा.”

मग निस्तरायला घेतलं. मी चाकणला वायरिंगचे जोड बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. माझं काम म्हणजे फोनवर माणसांच्या मागे लागणं. माल कुठे अडकला, गाडी कुठे आहे, चुकीचा पार्ट आला तो परत कसा पाठवायचा. चुकीची वस्तू परत पाठवणं हे मला जमतं असा माझा समज होता.

हेल्पलाइनवरच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, ही नोंद हॉस्पिटलनं जोडली आहे. तेच काढू शकतील.”

हॉस्पिटल कंपनीपासून लांब नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत गेले. नोंदणीच्या खिडकीत एक पोरगेलीशी बाई होती. तिनं पाहिलं आणि तिच्याही लक्षात आलं. त्या दुसऱ्या बाई आल्या तेव्हा कुणीतरी नाव टाइप केलं, पहिलं जे खातं समोर आलं ते निवडलं आणि पुढे गेलं. आमच्या भागात अर्धी गावं एकाच आडनावाची. नावंही तीच ती. लांब रांग असताना माणूस पहिलंच नाव निवडणार, हे मलाही कळत होतं.

“मग आता काढा,” मी म्हटलं.

“आम्हाला फक्त जोडता येतं. काढायचं असेल तर पेशंटनं ॲपवरून काढायचं.”

“ॲपवरून काढलं तर त्या दुसऱ्या बाईंच्या खात्यात जाईल का ते?”

“त्यांचं खातंच नाहीये ना. हेच त्यांचं खातं आहे आमच्याकडे.”

“म्हणजे मी काढलं की त्यांचे कागद कुठेच दिसणार नाहीत?”

“बाहेर नाही दिसणार. आमच्याकडे राहतील.” तिनं मान डोलावली. “ते नीट व्हायचं तर वरून व्हावं लागेल.”

“वरून म्हणजे कुठून?”

“वरून म्हणजे सर्व्हरवरून.”

मी तिला म्हटलं, निदान त्या बाईंना तरी कळवा. त्यावर तिनं मला सांगितलं की पेशंटची माहिती तिऱ्हाइताला देता येत नाही. मी म्हटलं, अगं, त्यांची सगळी माहिती माझ्या फोनमध्ये आहे. तर म्हणाली, “ती तुम्ही बघायला नको होती.” आणि ते खरंच होतं. मग तिनं स्वतःहून त्या बाईंना फोन लावायचा प्रयत्न केला. माझ्या पर्समधला मोबाइल वाजला. त्यांच्या नावापुढे नंबर माझाच होता.

पत्त्याच्या जागी नुसतं ‘आळंदी’ लिहिलेलं होतं. त्या रक्त तपासायला पुन्हा आल्या की सांगते, असं ती म्हणाली, पण खिडकीत रोज तीच नसायची.

तक्रार नोंदवली. तक्रारीला क्रमांक मिळाला. काही आठवड्यांनी संदेश आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खातं उघडून पाहिलं तर झडप जागेवरच होती. मी पुन्हा तक्रार केली. अधूनमधून फोनवर यायचं, ‘आपला रक्ताचा रिपोर्ट तयार आहे.’ माझा नवरा मेंटेनन्समध्ये शिफ्टला असतो, घरी आला की त्याला शांतता हवी असते. तो म्हणायचा, “डिलीट मार ना. आपल्याला काय करायचंय?” त्याचं म्हणणं सोपं होतं. एक बटण दाबलं असतं तर सासूबाईंचं खातं स्वच्छ झालं असतं आणि डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं असतं. पण सासूबाईच नको म्हणाल्या.

“तिच्या काळजाचे कागद हायती. फेकायचे कसे? आधी ती बाई सापडू दे.”

“आणि तुमचा डोळा?”

“एक हाय की चांगला.”

सासूबाई निघोज्याला परत गेल्या. मी चिडून होते. कुणावर, ते नक्की सांगता आलं नसतं. हेल्पलाइनची मुलगी सौजन्यानं बोलत होती, खिडकीतली बाईही काही वाईट नव्हती, डोळ्यांच्या डॉक्टर बाई तर नियमानंच वागत होत्या. सगळे बरोबर होते आणि एका म्हातारीचा डोळा तसाच राहिला होता.

त्यानंतर एका दुपारी मी कंपनीत असताना फोन आला. आळंदीच्या एका छोट्या हॉस्पिटलमधून डॉक्टर बोलत होते. आवाज तरुण होता. त्यांनी सासूबाईंचं नाव घेतलं आणि विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

“सून. काय झालं आईंना?”

“पडल्या आहेत. डोक्याला मार आहे. शेजारच्या दुकानदारांनी आणलं. नीट बोलत नाहीयेत. त्यांच्या कमरेच्या पिशवीत एका हॉस्पिटलचं कार्ड होतं, ते स्कॅन केलं तर तुमचा नंबर आला.”

“आई आळंदीला कशाला जातील?” मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला कळलं. “डॉक्टर, त्यांच्या छातीवर टाके आहेत का?”

“हो. झडपेचा आवाजही येतोय. म्हणून तर जुने कागद हवेत. मी परवानगीची विनंती पाठवलीय. तुम्हाला ओटीपी आला असेल, तो सांगा.”

फोन कानापासून दूर धरून पाहिलं. ओटीपी आलेला होता. त्याखाली लिहिलं होतं, हा कोणालाही सांगू नका.

“डॉक्टर, मी त्यांची सून नाही. मी त्यांना ओळखतही नाही. त्यांचे कागद चुकून माझ्या सासूबाईंच्या खात्यात आलेत.”

मग ते म्हणाले, “पण कागद यांचेच आहेत ना?”

“हो. यांचेच आहेत.”

“मग ते तुमच्याकडे कसे आले ते नंतर बघू. आधी ओटीपी सांगा.”

मला आठवतं, त्या क्षणी माझ्या डोक्यात कायदा नव्हता, पण बँकेच्या जाहिराती होत्या. ओटीपी सांगितला आणि खातं रिकामं झालं, अशा आमच्याच कंपनीतल्या गोष्टी होत्या. हा माणूस डॉक्टर आहे कशावरून? आणि असला तरी एका अनोळखी बाईच्या कागदांना परवानगी द्यायची मी कोण? मी म्हटलं, “मला माहीत आहे ते मी सांगते. झडप धातूची आहे. रक्त पातळ करायची गोळी रोज आहे.”

“तो अंदाज मलाही आहे. रक्त तपासायला दिलंय, रिपोर्टला वेळ लागेल. मला डोस हवाय, आधीचे आकडे हवेत, कशाची ॲलर्जी आहे का ते हवंय. फोनवर ऐकून मी इंजेक्शन नाही देऊ शकत, ताई.”

ते ‘ताई’ म्हणाले आणि मी ओटीपी सांगितला. तोवर त्याची मुदत संपली होती. त्यांनी दुसरा मागवला, तो आलाच नाही. आमच्या शेडमध्ये रेंजची नेहमीचीच बोंब. मी गेटवर आले. तिसरा आला, मी सांगितला, तर त्यांच्याकडे नुसतंच चाक फिरत राहिलं. मागे कुणीतरी बाई कण्हत असल्याचा आवाज फोनवर येत होता.

मी म्हटलं, “मी निघाले. माझ्या फोनवर सगळं दिसतं. अर्ध्या वाटेत तुमचं सुरू झालं तर झालं.”

साहेबांना नुसतं ‘हॉस्पिटल’ एवढंच सांगितलं. कंपनीची गाडी आळंदी फाट्यापर्यंत जाणार होती, तिच्यात बसले. तळेगाव चौकात ट्रेलर आडवा आला होता आणि चारही बाजूंनी हॉर्न चालू होते. मी मागच्या सीटवर बसून त्या बाईंच्या कागदांचे एकेक स्क्रीनशॉट काढून डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा प्रयत्न केला. ॲप स्क्रीनशॉट काढू देईना. सुरक्षेच्या कारणास्तव, असं म्हणत होतं. जिचं पेशंटशी काहीही नातं नाही त्या बाईच्या फोनवर सगळं उघडं ठेवायला सुरक्षेची हरकत नव्हती, डॉक्टरला एक फोटो पाठवायला मात्र होती. ड्रायव्हरनं आरशातून पाहून विचारलं, “काय झालं मॅडम, घरचं कोणी?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

मग मी औषधांची यादी वाचू लागले, निदान फोनवर वाचून दाखवता येईल म्हणून. तिथे तळाशी एक ओळ होती. फिट येऊ नये म्हणून देतात त्या एका औषधानं पूर्वी अंगावर भयंकर रिॲक्शन आली होती, पुन्हा देऊ नये. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि त्या औषधाचं नाव अक्षर अक्षर वाचलं.

“थांबा,” ते म्हणाले. त्यांनी फोन बाजूला धरून कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, “सिस्टर, ते लावू नका. काढून ठेवा.” मग मला म्हणाले, “या लवकर.”

फाट्यावरून रिक्षा केली. हॉस्पिटल म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या चार खोल्या होत्या, खाली तुळशीच्या माळांचं दुकान. डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे असतील. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. मी पलंगाकडे पाहिलं.

इतके महिने ज्यांचं रक्त किती पातळ आहे हे मला कळत होतं त्या बाई मी पहिल्यांदा पाहत होते. सासूबाईंपेक्षा उंच, गोऱ्या, कपाळावर पट्टी, एक डोळा सुजून बंद. त्या कुणाला तरी सारखं म्हणत होत्या, “दुकान लाव. आधी दुकान लाव.” मी त्यांचा हात धरला, कारण धरायला दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या दुकानदारांनी सांगितलं की घरात सासू-सून दोघीच. सून माल आणायला पुण्यात गेली आहे, फोन केलाय, निघाली आहे.

डॉक्टरांनी वाचून झाल्यावर पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. डोक्याचा स्कॅन करायचा होता, त्यांच्याकडे मशीन नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये मीच बसले.

मोठ्या हॉस्पिटलात मला वाटलं होतं की आता माझं काम संपलं. परवानगी एकदा दिलीय, आळंदीच्या डॉक्टरांनी कागद पाहिलेत, तेच इथे दिसतील. तातडीच्या कक्षातले डॉक्टर म्हणाले, “आमच्याकडे काहीच आलेलं नाही. ती परवानगी त्यांच्यापुरती होती. आमची वेगळी द्यावी लागेल.”

“द्या मग. मागा.”

“आमचं त्या सिस्टिमशी जोडायचं काम चालू आहे. अजून झालेलं नाही. तुम्ही प्रिंट आणली आहे का?”

मी ॲप उघडून फोन पुढे केला, तर आता माझ्याकडेही नुसतंच चाक फिरत राहिलं. मी तिथल्या लोखंडी बाकावर बसले. मला खरंच रडू आलं, आणि ते त्या म्हातारीसाठी होतं असं म्हणून मी माझी बाजू चांगली दाखवणार नाही. ते निव्वळ संतापाचं होतं. तेवढ्यात आळंदीच्या त्या तरुण डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी माझा फोन हातात असताना आपल्या फोननं पडद्याचे फोटो काढून ठेवले होते. ते त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवले. थोडे तिरके होते, एकात त्यांच्या अंगठ्याची सावली होती. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते बोटांनी मोठे करकरून वाचले आणि उपचार सुरू केले. डोक्यात थोडा रक्तस्राव होता. वेळेवर आल्या, असं ते म्हणाले.

सून संध्याकाळी पोहोचली. चाळिशीतली, धावत आलेली, हातात मालाची पिशवी तशीच. तिनं आधी सासूला पाहिलं, मग माझ्याकडे वळली. “तुम्ही कोण?”

मी सांगायला सुरुवात केली. माझंच मला ते खोटं वाटत होतं. तिनं ऐकून घेतलं, आभार मानले, आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. “म्हणजे आमच्या आत्यांचं सगळं तुमच्या मोबाइलवर दिसतं?” सासूला ती आत्या म्हणायची.

“हो.”

“कधीपासून?”

मी सांगितलं. तिनं सासूच्या पलंगाकडे खुर्ची ओढली आणि माझ्याकडे पाठ केली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

त्या बाई बऱ्या झाल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले होते. डाव्या हाताला थोडा अशक्तपणा राहिला, पण बोलणं स्वच्छ झालं. भेटायला गेले तेव्हा सोबत सासूबाईही आल्या. दोघी एकमेकींकडे बराच वेळ बघत राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या काळजापायी माझा डोळा ऱ्हायलाय.” मावशी हसल्या. मग सून डबा धुवायला बाहेर गेली, तशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“तू सगळं वाचलंस?”

“औषधांची यादी वाचली. वाचावी लागली.”

“त्यात त्या झोपेच्या गोळ्या व्हत्या?”

होत्या. नुसत्या झोपेच्या नव्हत्या, मनाच्या आजाराच्या होत्या. त्यांचा मुलगा गेला त्यानंतर सुरू झालेल्या. मी मान हलवली.

“सुनंला सांगितलंस?”

“नाही. कुणालाच नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खरं सांगतेय की नाही ते तपासल्यासारखं. “तिला कळलं तर ती मला गल्ल्यावर बसू द्यायची न्हाई. म्हणंल, आत्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. ते दुकान माझ्या पोराचं हाय. मला तिथं बसायचंय.” मग म्हणाल्या, “तू जीव वाचवलास, ते खरं. पर मला ते आवडलं न्हाई, पोरी. तुला म्हाईत हाय, ते.”

सासूबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं, जणू त्यांनी काही ऐकलंच नाही. गाडीतही त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही.

मावशींना चालता येऊ लागल्यावर आम्ही सगळ्या चाकणच्या त्या हॉस्पिटलात गेलो. मी, सासूबाई, मावशी आणि त्यांची सून. माझ्या तिसऱ्या तक्रारीनंतर वरून, म्हणजे बहुधा सर्व्हरवरून, कळवलं होतं की दोन्ही व्यक्ती आधार कार्डासह हजर राहिल्यास नोंदी वेगळ्या करता येतील. खिडकीतली तीच बाई होती. तिनं सासूबाईंचा अंगठा मशीनवर ठेवला. उमटेना. शेतात राबलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या होत्या. दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी डोळ्याचं मशीन आणलं, तर मोतीबिंदूमुळे डावा डोळा घेईना. उजवा घेतला. सासूबाई म्हणाल्या, “एवढं करून मी मीच हाय का?” खिडकीतली बाई म्हणाली, “हो आजी, तुम्ही तुम्हीच आहात.”

मावशींचं पटकन झालं. नवीन खातं उघडायला घेतलं. खिडकीतल्या बाईनं विचारलं, “मोबाइल नंबर?”

सून पुढे झाली आणि स्वतःचा नंबर सांगू लागली.

“थांब,” मावशी म्हणाल्या. “तिचा नको. माझा टाका.”

“आत्या, तुमच्याकडे मोबाइल कुठं आहे?”

“घेईन.”

“पण माझा दिला तर काय बिघडतं? मीच तर सगळं बघते.”

खिडकीतली बाई म्हणाली की नंबर नसेल तर पुढे जाता येणार नाही, पुन्हा यावं लागेल. मागची रांग कुरकुरू लागली. आणि मी, जिनं या खात्यापायी इतक्या सुट्ट्या घातल्या होत्या, जिला आत्ताच्या आत्ता ते सगळं संपवायचं होतं, तिनं मावशींची पिशवी उचलली आणि म्हटलं, “चला, पुन्हा येऊ.” सून माझ्याकडे रागानं बघत होती. तिला काय वाटलं असेल ते मला समजत होतं, पण खरं कारण मी तिला सांगू शकत नव्हते.

परत येताना तिच्याशी बोलायला म्हणून मी विचारलं, दुकान कसं चाललंय. ती म्हणाली, “आत्या बसतात तेव्हा बरं चालतं. गिऱ्हाइकाला त्यांचं बोलणं आवडतं. मी बसले की लोक भाव करतात.” मावशी खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

दरम्यान सासूबाईंचं खातं मोकळं झालं; मावशींचे कागद त्यांचं खातं तयार होईपर्यंत चाकणच्या हॉस्पिटलनं बाजूला काढून ठेवले. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी ते उघडून पाहिलं, समाधानानं मान डोलावली आणि मग एक कोरा कागद पुढे करून म्हणाल्या, “आजी, तुम्हाला आधी कुठले आजार, कुठल्या गोळ्या, सगळं यावर लिहून द्या. आम्ही रेकॉर्डला ठेवतो.” मी लिहून दिलं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून विचारलं, “तू एवढी वाळली कधी?”

मावशी पुढच्या वेळी चाकणला आल्या तेव्हा मी सोबत होते, सून नव्हती. त्यांनी कमरेच्या पिशवीतून बटणांचा एक छोटा फोन काढला. दुकानाच्या शेजाऱ्यानंच आणून दिला होता. खिडकीतल्या बाईनं नंबर टाकला. फोन थरथरला. मावशींनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ नेला.

“आजी, ओटीपी सांगा,” खिडकीतली बाई म्हणाली.

“कुणाला सांगू नका, असं लिव्हलंय,” मावशी म्हणाल्या.

“मला सांगायचा असतो, आजी.”

मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मागे सरले. मग त्या खिडकीवर वाकल्या आणि त्या बाईला म्हणाल्या, “ती पाटी हिकडं फिरव. मी टाकते आकडे.”

तिनं कीबोर्ड फिरवला. मावशींनी चांगल्या हाताच्या एका बोटानं, एकेक आकडा पुन्हा पुन्हा फोनशी ताडून पाहत, तो टाकला. वेळ लागला. मागची रांग वाढत गेली. एकदा मुदत संपली, दुसरा मागवावा लागला, आणि मी रांगेतल्या लोकांकडे पाठ करून तिथेच उभी राहिले.